श्रमवीरांच्या देशात सोलापूरचा डॉक्टर

१९३८ साली आपल्या मुलखात सरकारी मानसन्मान म्हणजे काय होतं, हे आधी डोळ्यांसमोर आणायला हवं. रेणापूर, अंबाजोगाई, औसा, लातूर ही सगळी गावं निजामाच्या राज्यात होती. तिथं दरबारातून किताब मिळायचे. कुणी अमुक जंग, कुणी तमुक दौला, कुणी राजाबहादूर. सरहद्दीपलीकडे सोलापुरात इंग्रजांचं राज्य, तिथं रावसाहेब आणि रावबहादूर. किताब जायचा तो जहागीरदाराकडे, बड्या वतनदाराकडे, नाहीतर सरकारच्या मर्जीतल्या वकील-सावकाराकडे. रेणा नदीकाठच्या काळ्या रानात ज्वारी काढणाऱ्या बाईचं नाव जमिनीच्या कागदावरसुद्धा नसायचं, दरबारात कुठून येणार? राबणाऱ्या माणसाला राज्यानं बोलावून घ्यावं, चारचौघांत उभं करून त्याचा गौरव करावा, असं काही असू शकतं हे इथं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात एका आठवड्याच्या अंतरानं दोन गोष्टी घडल्या. ७ सप्टेंबरला निजाम सरकारनं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. संस्था रीतसर स्थापन व्हायच्या आधीच. आणि त्याआधी, १ सप्टेंबरला, मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ ही बोट पाच भारतीय डॉक्टरांना घेऊन चीनकडे निघाली होती. त्यात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी होते, आणि पाचवे होते सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. वय अठ्ठावीसलाही महिना कमी. पुढे ज्या राजवटीनं शेतकरी, गिरणी कामगार आणि मैला वाहणारे यांना देशाचे वीर म्हणून उभं केलं, तिच्या जन्माच्या काळात आणि तिच्याच मुलखात हा मराठी डॉक्टर जाऊन पोहोचला. त्याला तिथं मिळालेला मान आणि त्या श्रमवीरांना मिळालेला मान यांची पुढची वाट वेगवेगळी झाली. ती हकिगत मराठीत एकत्र सांगितली जावी असं मला फार वाटतं.

कोटणीस ज्या गावात वाढले ते गाव काही साधं नव्हतं. सोलापूर गिरण्यांचं गाव, भोंग्यावर उठणारं आणि भोंग्यावर जेवणारं. १९३० च्या मे महिन्यात तिथल्या लोकांनी इंग्रजी सत्ता काही दिवस अक्षरशः बाजूला सारली, मग लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. तेव्हा कोटणीस विशीत होते. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन ते पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते, तेवढ्यात काँग्रेसची हाक आली.

हाकेमागची गोष्ट अशी. १९३७ साली जपाननं चीनवर पूर्ण ताकदीनिशी हल्ला केला. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, २२ हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका घेतली गेली आणि पाच डॉक्टर निवडले गेले. स्वतःच पारतंत्र्यात असलेल्या देशानं दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी पै-पैसा गोळा केला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकली जाते. त्यावर एक अख्खा धडा हवा.

फेब्रुवारी १९३९ मध्ये हे डॉक्टर येनानला पोहोचले. पिवळ्या मातीच्या डोंगरात खोदलेल्या घरांचं हे गाव म्हणजे माओ त्से तुंग यांच्या पक्षाची राजधानी. तिथून कोटणीस आणि बसू पुढे उत्तरेला, जपानी फौजांच्या पिछाडीला असलेल्या डोंगराळ भागात गेले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून तिथंच काम करत होते, पण नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेली जखम चिघळून ते वारले. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणिसांची नेमणूक झाली.

रुग्णालय म्हटलं की आपल्या मनात इमारत उभी राहते. तिथं शेतकऱ्यांची मातीची घरं होती. हल्ला आला की सगळं गाढवा-खेचरांवर लादायचं, जखमींना डोलीत घालायचं आणि दुसऱ्या गावी जायचं. १९४० च्या जपान्यांविरुद्धच्या मोठ्या मोहिमेत १३ दिवसांत ८०० हून जास्त जखमी कोटणिसांकडे आले. त्यांतल्या ५०० हून अधिक जणांवर त्यांनी स्वतः शस्त्रक्रिया केली, आणि त्यात तीन दिवस-तीन रात्री त्यांची पाठ जमिनीला टेकली नाही. शस्त्रक्रियेतून वेळ मिळाला की ते शिकवायचे. शिकवायचे चिनी भाषेत, आणि शल्यचिकित्सेचं पाठ्यपुस्तकही त्यांनी चिनीतच लिहायला घेतलं. सोलापूरच्या मराठी घरातला मुलगा तीन वर्षांत परक्या लिपीत वैद्यकाचं पुस्तक लिहितो, यामागे किती रात्री गेल्या असतील याचा अंदाज भाषा शिकायला बसलेल्या माणसालाच येईल. सैनिक त्यांना ‘काळी आई’ म्हणत.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी गुओ चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं यिनह्वा, म्हणजे भारत-चीन. त्याच वर्षी कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. अपस्माराचे झटके त्यांना आधीपासून येत होते, आता ते वाढले. उपचारासाठी दुसरीकडे जा असा आग्रह झाला तेव्हा ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला त्यांचा अंत झाला. वय ३२. माओंनी शोकसंदेश पाठवला. सैन्यानं मदतीचा हात गमावला आणि राष्ट्रानं मित्र, हा त्यातला आशय. कोटणिसांना मिळालेला पहिला आणि सगळ्यांत मोठा सरकारी सन्मान हाच. तो स्वीकारायला ते नव्हते.

आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट. ३० एप्रिल १९४२ ला येनानच्या पक्षाच्या दैनिकानं पहिल्या पानावर एका शेतकऱ्याची बातमी छापली. वू मान्यौ हे त्याचं नाव. दुष्काळात घरदार सोडून आलेला, पोटच्या पोरी गमावलेला माणूस. जमीनवाटपात त्याला डोंगर-उताराची जमीन मिळाली, त्यानं ती कसली, धान्य पिकवलं आणि सरकारला ठरलेल्यापेक्षा जास्त धान्य दिलं. १९४१-४२ हा काळ येनानसाठी फार कठीण होता, चारी बाजूंनी नाकेबंदी होती, सैन्याला खायला नव्हतं. पक्षाला धान्य हवं होतं, आणि धान्य पिकवणारा माणूसच आपला वीर आहे असं लोकांना सांगायचं होतं. वू मान्यौ यांच्या नावानं मोहीम निघाली, त्यांच्यावर कविता झाल्या, घरोघरच्या भिंतींवर त्यांचं चित्र लागलं. नोव्हेंबर १९४३ मध्ये येनानला सीमाभागातल्या श्रमवीरांचा मेळावा भरला, १८५ जण बोलावले गेले. माओंनी त्यांच्यासमोर भाषण केलं.

कल्पना रशियातून आली होती हे उघड आहे. ३१ ऑगस्ट १९३५ ला डोनबासच्या खाणीत अलेक्सेई स्ताखानोव्हनं एका पाळीत १०२ टन कोळसा काढला, ठरलेल्या कामाच्या चौदापट. लाकडी टेकू बसवणारे दोघे त्याच्या मदतीला होते, पण नाव एकट्याचं झालं. १९३८ मध्ये सोव्हिएत सरकारनं ‘समाजवादी श्रमवीर’ ही सर्वोच्च पदवी सुरू केली. पहिली पदवी स्तालिनना गेली. स्ताखानोव्हला ती मिळाली १९७० मध्ये, मरणाआधी सात वर्षं.

चीननं ही कल्पना उचलली, पण तिला आपल्या शेतीचं वळण दिलं. ज्या भागात कोटणिसांनी काम केलं त्याच भागातल्या रोंग ग्वानश्यू या शेतकरी बाईचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. जखमी सैनिकांना ती घरात ठेवून घ्यायची, भरवायची, त्यांच्या जखमा धुवायची. फेब्रुवारी १९४४ मध्ये, म्हणजे कोटणिसांच्या मृत्यूनंतर सव्वा वर्षानं, त्या भागातल्या वीरांच्या मेळाव्यात तिला ‘जवानांची आई’ ही पदवी दिली गेली. डॉक्टरांनी टाके घातलेला जवान पुढे कुणाच्या तरी घरातच बरा व्हायचा, आणि ते घर अशा एखाद्या बाईचं असायचं. कोटणीस आणखी दोन वर्षं जगले असते तर त्याच व्यासपीठावर तिच्या शेजारी बसले असते.

वू मान्यौ यांचं मात्र वाईट झालं. १९४८ मध्ये ते पक्षाचा शत्रू च्यांग कै-शेक याच्या फौजेच्या हाती सापडले. त्यांच्याकडून कम्युनिस्टांविरुद्ध बोलवून घेतलं गेलं. पक्षानं त्यांचं नाव पुसून टाकलं. ज्या माणसाच्या नावानं अख्ख्या मुलखानं नांगर धरला होता, तो १९५९ मध्ये आपल्या गावात विस्मृतीत मेला. त्यांची ज्वारी-बाजरी खोटी नव्हती, घामही खोटा नव्हता. पण सन्मान कामाचा असला तरी तो देणाऱ्याला माणूस कायमचा आपला हवा असतो. चीनच्या श्रमवीरांचा इतिहास वाचताना हे सारखं जाणवत राहतं, आणि कोटणिसांची गोष्ट वेगळी का झाली तेही इथंच कळतं.

१९४९ मध्ये जनतेचं प्रजासत्ताक झालं. सप्टेंबर १९५० मध्ये पेकिंगला देशभरच्या आदर्श श्रमिकांचा पहिला मेळावा भरला, ४६४ प्रतिनिधी आले. पुढच्याच वर्षी छिंगदाओच्या सरकारी सूतगिरणीतली हाओ च्यानश्यू ही सोळा वर्षांची मुलगी देशभर गाजली. सूत कमीत कमी वाया जावं म्हणून तिनं साच्यापुढे फिरण्याची, तुटलेला धागा सांधण्याची आणि साफसफाईची एक ठरीव पद्धत बसवली होती. तिच्या नावानंच ती पद्धत देशभरच्या गिरण्यांत शिकवली गेली. तीस वर्षांनी हीच मुलगी देशाची वस्त्रोद्योगमंत्री झाली. सोलापूरच्या आणि गिरणगावच्या कापडखात्यांत, सूतखात्यांत असे हात हजारोंनी होते. त्यांच्या कसबाला नाव देऊन ते दुसऱ्या गिरणीत शिकवावं असं आपल्या मालकांना कधी सुचलं नाही. इथं चीनकडे नुसतं कौतुकानं पाहावं लागतं, आणि मी ते मोकळेपणी करतो.

पण या साऱ्यात माझ्या मनातून जात नाही तो शी च्वानश्यांग. शानतुंग प्रांतातल्या गरीब घरातला हा मुलगा कोवळ्या वयात पेकिंगला आला आणि मैला वाहू लागला. तेव्हा पेकिंगमध्ये मैल्याचा धंदा काही मुकादमांच्या मुठीत होता. त्यांचा शब्द, त्यांचा मार आणि त्यांनी फेकलेले चार पैसे, यावर शी यांची वीस वर्षं गेली. पाठीवर लाकडी पिंप, हातात लांब दांड्याचा पळा. भरलेलं पिंप मणाहून जड. नव्या राजवटीत मुकादमी गेली, पगार ठरला, आणि हा माणूस शहर सफाईच्या पथकात इतक्या निष्ठेनं राबला की २६ ऑक्टोबर १९५९ ला देशभरच्या वीरांच्या मेळाव्यात राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओची यांनी पुढे होऊन त्यांचा हात हातात घेतला. तुम्ही मैला वाहता तेही जनतेची सेवा म्हणून, आणि मी अध्यक्ष आहे तोही जनतेचा सेवक म्हणून, अशा अर्थाचं ते बोलले. शी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लिऊंनी त्यांना फाउंटन पेन भेट दिलं आणि अक्षरं शिका म्हणून सांगितलं. त्या हस्तांदोलनाचा फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत छापला गेला.

हे महाराष्ट्रात वाचताना अंगावर काटा येतो. आपल्याकडे डोक्यावर मैल्याची पाटी वाहणाऱ्याची सावलीसुद्धा चालत नव्हती त्याच काळात ही घटना घडली. गाडगेबाबा १९५६ मध्ये गेले, आयुष्यभर स्वतः हातात खराटा घेऊन गावं झाडत राहिले. त्यांच्या नावानं राज्याचं ग्रामस्वच्छता अभियान निघालं ते २००० साली. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध आपल्या संसदेनं पहिला कायदा केला १९९३ मध्ये, दुसरा २०१३ मध्ये, आणि गटारात गुदमरून माणसं मरायची अजून थांबलेली नाहीत. एका राष्ट्राध्यक्षानं मैला वाहणाऱ्याचा हात हाती घेतला, ही साधी गोष्ट नव्हती.

आणि तोच फोटो शी यांच्या जिवावर उठला. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती पेटली, लिऊ शाओची देशद्रोही ठरले, आणि त्यांचा हात ज्यानं धरला तो मैला वाहणारा ‘कामगारांचा गद्दार’ ठरला. त्यांची धिंड काढली, मारहाण झाली. शरीर खचलं, १९७१ मध्ये त्यांना पेकिंगमधून हाकलून गावी पाठवलं. दोन वर्षांनी आजारी अवस्थेत परत आणलं, आणि मे १९७५ मध्ये ते वारले. १९७८ मध्ये सरकारनं त्यांचं नाव पुन्हा निष्कलंक केलं. पदक देणाऱ्यांनी आपसांत भांडण केलं आणि त्याची किंमत पिंप वाहणाऱ्यानं मोजली. मला यात क्षमा करण्यासारखं काही दिसत नाही.

शान्शी प्रांतातल्या शीकौ गावच्या शेन चीलान या बाईची वाट निराळी. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या शेतकी सहकारी संस्थेत पुरुषाला दिवसाचे दहा गुण आणि बाईला पाच मिळायचे. तिनं बायकांना संघटित केलं, पुरुषांच्या बरोबरीनं काम करून दाखवलं, आणि समान कामाला समान मोबदला मिळवला. १९५३ मध्ये ही बातमी देशभर गेली, १९५४ मध्ये ती राष्ट्रीय लोकसभेवर निवडून गेली, आणि त्यानंतरच्या प्रत्येक सभेवर, ओळीनं तेरा वेळा. सप्टेंबर २०१९ मध्ये तिला देशाचं सर्वोच्च पदक मिळालं, २०२० मध्ये ती वारली. आपण कधीही विरोधात मत दिलं नाही असं ती सांगायची. पासष्ट वर्षांत देशात किती उलथापालथ झाली, आणि प्रत्येक वेळी तिचा हात वर गेला. तिनं शीकौच्या बायकांसाठी जे मिळवलं ते आजही रेणापूरच्या शिवारात मिळालेलं नाही. सोयाबीन काढायला गेलेल्या बाईची रोजी आजही गड्याच्या रोजीपेक्षा कमी असते. त्यामुळे त्या वर गेलेल्या हाताचा हिशेब मांडताना मी सावकाश मांडतो.

कोटणिसांना या कशातून जावं लागलं नाही. ते वादळांच्या आधी गेले. त्यांचा हात कुणी हाती घेतला आणि नंतर तो हात गुन्हेगाराचा ठरला, असं काही उरलंच नाही. तरी त्यांच्या स्मृतीलाही राजकारणाचा वारा लागलाच. त्यांच्या अस्थी शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत, बेथ्यून यांच्या समाधीच्या परिसरातच नेल्या गेल्या. पण १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर दोन्ही देशांत त्यांचं नाव घेणं अवघड झालं. मुलगा यिनह्वा वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. १९७६ मध्ये पंधरा वर्षांनी दोन्ही देशांनी पुन्हा एकमेकांकडे राजदूत पाठवले, आणि त्याच वर्षी शिजियाझुआंगला कोटणिसांचं स्मारक दालन उभं राहिलं. १९८२ मध्ये चीननं त्यांच्यावर टपाल तिकिटं काढली, भारतानं १९९३ मध्ये. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना भेटणं हा ठरलेला भाग झाला. सोलापुरात भैया चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे.

आपल्या देशानंही श्रमिकांसाठी पुरस्कार सुरू केले. १९७५ मध्ये प्रधानमंत्री श्रम पुरस्कार सुरू झाले: श्रमरत्न, श्रमभूषण, श्रमवीर, श्रमश्री. पुढच्याच वर्षी घटनादुरुस्तीनं प्रास्ताविकेत ‘समाजवादी’ हा शब्द आला. महाराष्ट्रात कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार आहे. हे सगळं चांगलंच आहे, ज्यांना मिळाले त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे. पण केंद्राचा पुरस्कार सरकारी उद्योगांतल्या आणि खासगी क्षेत्रात ५०० किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी, आणि राज्याचा पुरस्कार कामगार निधीत वर्गणी कापली जाणाऱ्यांसाठी. निवाड्याच्या रेणा साखर कारखान्यातला फिटर त्यात बसू शकतो. त्या कारखान्याला ऊस तोडून देणारी जोडी बसत नाही. ती मुकादमाकडून उचल घेते, तिला ‘कोयता’ म्हणतात, आणि कागदोपत्री ती कुणाचीच कामगार नसते. पहाटे थंडीत फडात शिरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत न्यायच्या. या कामाला श्रम म्हणायचं नसेल तर मग कशाला म्हणायचं? पुरस्काराआधी त्या जोडीला हजेरीपट हवा, विमा हवा, बाईला वेगळी मजुरी हवी. मग खुशाल तिला व्यासपीठावर बोलवा.

मानातून सुटलेलं एक नाव कोटणिसांच्या गोष्टीतही आहे. चीनला गेलेल्या त्या पाच डॉक्टरांपैकी आपले मराठी दोघे होते. नागपूरचे डॉ. चोळकर पथकात वयानं मोठे होते. घरचा जम बसलेला व्यवसाय सोडून ते गेले, बॉम्ब पडत असलेल्या शहरांत त्यांनी जखमी तपासले, येनानपर्यंतचा खडतर प्रवास केला आणि १९३९ मध्ये परतले. त्यांच्यावर ना सिनेमा निघाला, ना टपाल तिकीट.